काळी पडणारी ज्वारी

परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठच्या काळ्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या पेरल्या गेलेल्या खरिपाच्या ज्वारीचे जुने वाण उंच ताटाचे, भरपूर कडबा देणारे आणि उशिरा निसवणारे होते. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्यांचे कणीस बाहेर पडत नसे. वनस्पतिशास्त्रात या गुणाला प्रकाशकाल-संवेदनशीलता म्हणतात, आणि तिच्यामुळे पेरा मृगात झाला तरी दाणा हस्ताचा पाऊस सरल्यावरच पक्व होई. बुरशीला लागणारी ओल तोवर हवेत उरलेली नसल्यामुळे दाणा पांढरा स्वच्छ राही. या वाणांचे उत्पन्न बेताचे होते, हे खरे. परंतु रोगाशी झुंजण्याची वेळच पिकावर येऊ नये, अशी ही योजना शेतकऱ्यांच्या शेकडो वर्षांच्या निवडीतून सिद्ध झाली होती आणि तिचे मोल ती मोडल्यावरच कळले.

१९६४ साली सी.एस.एच. १ हा भारतातील ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री असलेल्या वसंतराव नाईकांनी संकरित ज्वारीचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि अन्नटंचाईच्या त्या वर्षांत तो योग्यच होता. ‘हायब्रीड’ या एका शब्दाने खेडोपाडी ओळखली जाणारी ही ज्वारी ठेंगणी होती, दुप्पट-तिप्पट पिकत होती आणि दिवसाच्या लांबीची वाट न पाहता सुमारे साडेतीन महिन्यांत तयार होत होती. ज्या गुणामुळे ती दुष्काळी भागाला वरदान ठरली, त्याच गुणामुळे तिचे कणीस उत्तरा आणि हस्ताच्या पावसात सापडू लागले.

अशा पावसानंतर कणीस हातात घेऊन पाहिले, तर काही दाण्यांवर फिकट गुलाबी कापसासारखी वाढ दिसते, ती फ्युजेरियम बुरशीची. काहींवर मखमलीसारखा काळा थर चढतो, तो कर्व्ह्युलेरियाचा. दाणा नखाने दाबला तर आतला पिठूळ भाग भुसभुशीत लागतो. अशा पिठाला चिकटपणा राहत नाही, भाकरी थापताना कडेला चिरते आणि चवीला कडवट लागते. बाजारात या मालाची ‘काळी ज्वारी’ अशी वेगळी प्रतवारी होऊन तो पडत्या भावाने पशुखाद्याकडे किंवा मद्यनिर्मितीकडे जाई. उत्पन्न वाढूनही घरच्या भाकरीसाठी चांगला दाणा विकत आणावा लागावा, ही त्या वर्षांतील शेतकरी कुटुंबांची खरी व्यथा होती.

परभणीत निजामी राजवटीपासून शेतीसंशोधन चालू होते. १९५६ साली तेथे कृषी महाविद्यालय निघाले आणि १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला २०१३ पासून वसंतराव नाईकांचे नाव आहे. उत्पन्न टिकवून काळा न पडणारा दाणा कसा मिळवावा, हा प्रश्न येथील ज्वारी-पैदासकारांपुढे उभा राहिला. शेतात हा रोग काढणीच्या सुमारास नजरेस येत असला, तरी बुरशीचा शिरकाव फुलोऱ्यातच, दाण्याभोवतीच्या तुसांतून आणि फुलाच्या अवशेषांतून होतो, हे अभ्यासातून स्पष्ट झाले. त्यामुळे पिकलेल्या कणसावर औषध फवारून फारसे साधत नाही. फुलोऱ्यातील वनस्पती स्वतः काय करते, यावर पुष्कळसे ठरते.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात, परंतु त्यांपैकी गरजेची तेवढीच कामाला लागतात. जनुकातील माहितीची आरएनए या रेणूच्या रूपाने प्रत निघते आणि बहुधा तिच्यावरून प्रथिन घडते. या क्रियेला जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. बुरशीच्या भिंतीतील कायटिनाचे तुकडे पेशीला जाणवले, की एरवी मंद असलेली जनुके जोमाने काम करू लागतात. काहींपासून कायटिन तोडणारी कायटिनेज विकरे तयार होतात, काहींपासून पीआर-१० सारखी संरक्षक प्रथिने, तर चाल्कोन सिंथेज या विकराचे जनुक रंगद्रव्यांच्या निर्मितीचे दार उघडते. १९९० साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी करपा रोगाची बुरशी लागलेल्या ज्वारीच्या पानांत, हल्ल्याच्या जागी, नारिंगी-तांबड्या रंगद्रव्याचे सूक्ष्म कण साठताना पाहिले. हे कण फुटले की बुरशी मरते आणि तिच्यासोबत ती पेशीही.

रंगाचा हा संबंध परभणीच्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. तांबड्या-तपकिरी ज्वारीच्या दाण्यात टॅनिन आणि तत्सम द्रव्ये असल्यामुळे ती काळी पडण्याला बराच विरोध करते. परंतु टॅनिनामुळे भाकरी तुरट होते, आणि मराठवाड्याला भाकरी पांढरीच लागते. टॅनिन घडवणाऱ्या साखळीचे नियमन करणारे टॅनिन-१ हे जनुक २०१२ साली ओळखले गेले, आणि अनेक टॅनिनविरहित वाणांत ते बिघडलेले आढळले. पांढऱ्या दाण्याची हौस म्हणजे नकळत एक ढाल उतरवून ठेवणे होते. पैदासकारांना म्हणून दाण्याचा कठीणपणा, मोकळे कणीस, तुसांची ठेवण अशा इतर गुणांकडे वळावे लागले, आणि त्या प्रयत्नांतून ‘परभणी श्वेता’ या नावाने ओळखला जाणारा पीव्हीके ८०१ हा पांढऱ्या दाण्याचा, बुरशीला बऱ्यापैकी सहनशील असा खरीप वाण परभणीतून बाहेर पडला.

तोवर जिल्ह्यातील खरिपाचे मोठे क्षेत्र सोयाबीनकडे गेले होते. ज्वारी आता प्रामुख्याने रब्बीत, पाऊस उलगडल्यावर पेरली जाते. याच विद्यापीठाच्या ‘परभणी मोती’ या रब्बी वाणाचे टपोरे, चमकदार दाणे थंडी सरता सरता कोरड्या हवेत वाळतात आणि बुरशीच्या हाती सहसा लागत नाहीत.