पेव : दुष्काळासाठी जमिनीखालचे कोठार

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आज साऱ्यांच्या तोंडी आहे. मूळचे पेव मात्र विस्मरणात गेले. अरुंद तोंडाचा, आत रुंदावत जाणारा हा खोल खड्डा. कडेने कडबा लावून ज्वारी भरायची, तोंड मातीने लिंपायचे. कोंडलेला प्राणवायू धान्याच्याच श्वसनाने सरे आणि कीड मरे. दुष्काळात हाच साठा कुटुंबाला तारी.

पण तीच हवा माणसालाही मारी. उघडल्याबरोबर घाईने आत उतरलेला माणूस गुदमरून जाई. म्हणून आधी पेटता कंदील सोडून पाहत. तो विझला, तर थांबणे भाग असे.

सांगलीजवळच्या हरिपुरात अशाच पेवांत हळद साठवत. अवर्षणाला पुरून उरलेल्या या पेवांत २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी शिरले आणि त्यांतील बरीच निकामी झाली.