महापालिकेने पकडलेल्या कुत्र्याचं पुढे काय होतं? भिवंडीकरांनी वाचावेत असे नियम

गाडी गल्लीत आली, कुत्रा उचलला आणि निघून गेली. पुढची जबाबदारी कोणाची? भिवंडीत ती भिवंडी-निजामपूर शहर महापालिकेची.

नियम काय सांगतो?
प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३नुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण पालिकेने करायचं असतं. हे काम मान्यताप्राप्त संस्थेला देता येतं, पण जबाबदारी पालिकेचीच राहते. पिंजरे, पशुवैद्यक आणि शस्त्रक्रियेनंतरची देखभाल हवीच. कुत्रा कुठून पकडला, याचीही नोंद ठेवावी लागते.

परत सोडतात का?
हो. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशानुसार नसबंदी, जंतनाशक आणि लस दिल्यावर कुत्रा मूळ जागीच सोडायचा. अपवाद रेबीज झालेल्या, रेबीजचा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा.

निवारा कोणासाठी?
७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशानुसार शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस डेपो आणि रेल्वे स्थानकांतून पकडलेली कुत्री तिथे परत सोडता येत नाहीत. त्यांना निवाऱ्यात ठेवायचं. म्हणजे पालिकांना आता काही दिवसांचे पिंजरे पुरणार नाहीत. कायमची जागा, रोजचं खाणं, उपचार आणि माणसं लागणार.

तुम्ही काय कराल?
गल्लीतला कुत्रा नेला, तर तारीख, जागा आणि गाडीचा नंबर टिपून पालिकेकडे चौकशी करा. कानाला कापलेली खाच दिसली, तर नसबंदी झालेली आहे. कुत्रा चावला, तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि लगेच लस घ्या.