बट्टा, हुंडणावळ आणि परदेशचा प्रवासी

वसंत ऋतू आला की आमच्या शहरात दोन गोष्टी सुरू होतात. संध्याकाळी व्याख्याने आणि दुपारी परदेशी निघालेल्या मंडळींची धावपळ. कोणी मुलाकडे अमेरिकेला निघालेले असते, कोणी मंडळींसह युरोपच्या यात्रेला, कोणाची मुलगी पुढील शिक्षणासाठी इंग्लंडात जायची असते. तिकीट झाले, परवाना झाला, लाडू-चिवड्याचे डबे भरले, की शेवटी प्रश्न उरतो तो पैशाचा. "काय भावाने मिळाले हो तुम्हांला?" हा प्रश्न आम्ही गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकला, की त्याचा इतिहास एकदा धुंडाळून पाहावा असे वाटले. तो धुंडाळू लागलो तेव्हा ध्यानात आले, की हा प्रश्न नवा तर नाहीच; किंबहुना महाराष्ट्राच्या राजकारणातील एका थोर प्रसंगी तो विचारला गेला होता आणि त्याला फार मार्मिक उत्तरही मिळाले होते.

पुण्यात १८७५ साली ज्यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्या न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी राज्यातील नाणी आणि टांकसाळी यांवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. राज्यकर्त्यांच्या लढायांइतकाच त्यांच्या नाण्यांचाही विचार केला पाहिजे, ही दृष्टी त्यामागे आहे. त्याच वाटेने आम्ही चार पावले टाकीत आहोत.

प्रसंग १६७४ सालचा. राज्याभिषेकाच्या सुमारास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला. त्याने तहाची जी कलमे पुढे ठेवली, त्यांत एक कलम असे होते, की कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. वखारीतला इंग्रज म्हणजे परदेशचा प्रवासीच. आपल्या पैशाला इथे पूर्ण भाव मिळावा ही त्याची इच्छा, आणि तो भाव त्याला राजाज्ञेने हवा होता. महाराजांकडून आलेल्या उत्तराचा आशय असा : या कलमाची गरजच नाही. आम्ही कोणतेही नाणे चालण्यास मनाई करीत नाही. पण ज्या नाण्यात रयतेला तोटा येईल ते घ्यावे, अशी सक्तीही आम्ही करू शकत नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतरांच्या नाण्याइतके कसदार आणि वजनदार असेल, तर ते चालण्यास आमची आडकाठी नाही.

हे उत्तर नीट पाहावे. नाण्याचा भाव हुकुमाने ठरत नाही, तो कसाने आणि विश्वासाने ठरतो. आणि राजाचे काम रयतेवर तोटा न लादणे हे आहे. पुढील साडेतीनशे वर्षांत हे तत्त्व कितीदा पाळले गेले आणि कितीदा मोडले गेले, याचाच हिशेब आम्हांला मांडायचा आहे.

त्या काळी परकी चलनासाठी समुद्र ओलांडावा लागत नसे. एका मुलखातून दुसऱ्या मुलखात गेले की पुरे. पेशवाईत एकट्या मराठी मुलखात किती तऱ्हेचे रुपये चालत! अंकुशी, चांदवडी, मिरजेचा, नागपुरी, बागलकोटचा मल्हारशाही. टांकसाळ निराळी, कस निराळा, झीज निराळी. एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत नेला की त्यावर बट्टा बसे. मोगली मुलखात तर तेच नाणे केवळ जुने झाले म्हणून त्याचा भाव उतरे. नव्या सिक्क्याला पूर्ण मोल, मागील सालच्या सिक्क्याला बट्टा. सुरतेच्या बंदरात उतरणाऱ्या व्यापाऱ्याला आपले परदेशी रुपे टांकसाळीत देऊन त्याचे रुपये पाडून घ्यावे लागत. म्हणून सराफावाचून कोणाचेच चालत नसे. नाणे वाजवून, घासून, डोळ्याजवळ नेऊन तो त्याचा भाव सांगे. सरकारी खजिन्यात येणारे नाणे पारखण्याचे काम पोतदाराचे. आज पोतदार आणि पारखी ही नुसती आडनावे उरली आहेत, पण त्यांच्या पोटात एका मोठ्या व्यवसायाची आठवण आहे.

मग काशीला निघालेला यात्रेकरू काय करी? वाट महिनोन्‌महिन्यांची, चोरांचे भय ठायी ठायी. कमरेला कसा बांधून सगळी पुंजी नेणे म्हणजे जिवावरचे काम. तो सावकाराच्या पेढीवर रुपये भरी आणि काशीच्या पेढीवर हुंडी घेई. दर्शनी हुंडी असली तर दाखवताच पैसे. मुदती असली तर ठरलेल्या दिवशी. हुंडी हरवली तर तिची पेठ मिळे आणि पेठही हरवली तर परपेठ. या सोयीबद्दल सावकार जी रक्कम घेई ती हुंडणावळ. ही हुंडणावळ सदा एकसारखी नसे. काशीकडे पैसा पाठवणारे फार झाले की ती चढे. उलट तिकडच्या पेढीचे पैसे इकडे येणे असले की उतरे. शहाणा यात्रेकरू दोन-चार पेढ्या फिरून, निघण्याच्या पुष्कळ आधी भाव ठरवी. ऐन प्रस्थानाच्या दिवशी पेढीची पायरी चढणाऱ्याला सावकार ओळखून असे.

येथे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. बट्टा हा नाण्याच्या उणेपणाचा, हुंडणावळ ही मधल्याच्या कामाची. जुन्या व्यवहारात दोन्ही आकडे वेगवेगळे सांगितले जात. आज आमची जी फसगत होते, ती पुष्कळदा हे दोन आकडे एकात मिसळल्यामुळे होते. ते पुढे येईलच.

१८३५ साली कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. देशातला बट्टा यथाकाल सरला. पण मुलखा-मुलखांतला जो बट्टा होता, तो आता मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये जाऊन बसला. आपला रुपया चांदीचा, इंग्रजांचा पौंड सोन्याचा. चांदी-सोन्याचे प्रमाण ठीक होते तोवर रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळत. १८७०च्या दशकाच्या आरंभी जर्मनी सोन्याकडे वळली, चांदीचे भाव कोसळू लागले आणि त्यांबरोबर रुपयाही. १८९३ साली सरकारने लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या. शतकाच्या अखेरीस रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स असा बांधला गेला.

या घसरणीत हिंदी खजिन्याला विलायतेस पाठवायच्या रकमेपायी दरसाल अधिकाधिक रुपये मोजावे लागले; ते रयतेच्या करांतून आले. गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्या कुटुंबांस पैसे पाठवताना तोटा येई, तेव्हा त्यांची सोय म्हणून १८९३ पासून खास भत्ता दिला गेला. विलायतेत बॅरिस्टर व्हायला गेलेल्या आमच्या पोरांच्या बापांना मात्र कोणता भत्ता मिळणार? शंभर पौंड पाठवायचे तर पूर्वी हजार रुपये पुरत, ते आता दीड हजार लागू लागले. जमीन तीच, पगार तोच. वाढला होता तो भाव.

याहून तीव्र प्रसंग पहिल्या महायुद्धानंतर आला. चांदी महाग झाली आणि रुपया अकस्मात वर उसळला. १९२०च्या फेब्रुवारीत त्याला अडीच शिलिंगांहूनही अधिक भाव होता. सरकारने तो दोन शिलिंगांवर बांधण्याचा घाट घातला. त्यापायी लंडनमधील ठेवी विकून प्रचंड नुकसान सोसले, आणि १९२१ साली रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास येऊन ठेपला. हिशेब करून पाहावा. अडीच शिलिंगांच्या भावाने शंभर पौंडांना आठशे रुपये. सव्वा शिलिंगाच्या भावाने सोळाशे. म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात परदेशी शिकणाऱ्याचा खर्च दुप्पट!

ज्या वर्षी ही उलथापालथ चालली होती, त्याच वर्षी, १९२०च्या जुलैत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. १९१३ साली ते अमेरिकेला गेले तेव्हा बडोदे सरकारची शिष्यवृत्ती होती, दरमहा साडेअकरा पौंडांची. ती पौंडांत ठरलेली असल्यामुळे भावाचा चढउतार सोसायचा तो बडोद्याच्या खजिन्याने. या खेपेस गाठीला होती ती प्राध्यापकीच्या पगारातील शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज, सगळे रुपयांत. अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढणाऱ्या त्या विद्यार्थ्याने जो प्रबंध लिहिला, तो रुपयाच्याच प्रश्नावर. १९२३ साली तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलनाचे मोल राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, त्याला नियमाचा बांध असावा, हा त्यातील विचाराचा गाभा. १९२५च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. स्वतःच्या खिशाला लागलेली झळ त्यांनी ग्रंथात कोठे मांडली नाही. पण प्रश्न पुस्तकी नव्हता, एवढे आम्ही म्हणू शकतो.

१९२७ साली भाव एक शिलिंग सहा पेन्स ठरला, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. मुंबईच्या गिरणीवाल्यांचा व व्यापाऱ्यांचा एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह फुकट गेला. पुढे १९३९ साली युद्ध आले आणि प्रश्नाचे रूपच पालटले. आता 'काय भावाने' हा प्रश्न मागे पडून 'मुळात मिळेल का' हा प्रश्न पुढे आला. युद्धकाळातील नियंत्रण १९४७च्या कायद्याने कायम झाले. १९५७च्या सुमारास परकी चलनाची गंगाजळी आटली, आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्या पिढीतील कोणालाही विचारावे. खिशात आठ डॉलर किंवा तीन पौंड घेऊन विमानात चढल्याची आठवण तो सांगेल. उतरल्यावर पहिली रात्र कोठे काढायची, ही चिंता घेऊन गेलेली ती मुले. सरकारची अडचण खरी होती. यंत्रे आणि धान्य आणायला डॉलर लागत. तथापि जेथे सरळ दार बंद असते तेथे चोरवाट पडतेच. सरकारी भाव एक आणि कानात सांगितलेला भाव दुसरा, अशी दोन भावांची दुनिया उभी राहिली. नाण्याचा भाव हुकुमाने बांधता येत नाही, हे रायगडावरचे उत्तर येथे पुन्हा खरे ठरले.

१९९१च्या जुलैत दोन टप्प्यांनी रुपया उतरवला गेला. १९९३च्या मार्चपासून त्याचा भाव बाजारात ठरू लागला. २००० साली नवा कायदा अंमलात आला. २००४ साली वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली, ती वाढत अडीच लाखांवर गेली. आठ डॉलरांच्या पिढीची नातवंडे आज मोकळेपणाने जगभर हिंडतात. दार उघडले; पण दाराशी उभा असलेला सराफ गेला नाही.

आमचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी परदेशी निघताना आम्ही आळसाने पैसे बदलण्याचे काम लांबवले आणि शेवटी विमानतळावरच्या एका गाळ्यात ते केले. पाटी होती, 'कमिशन नाही'. आम्ही खूष. रात्री आसनावर बसून हिशेब केला, तेव्हा पेपरातील भावापेक्षा आम्ही किती जास्त मोजले ते कळले. कमिशन नव्हते; ते भावातच विरघळवले होते. बट्टा आणि हुंडणावळ एकत्र झाली की गिऱ्हाइकाचे डोळे बांधले जातात, ते असे.

म्हणून इतिहासाने शिकवलेल्या चार गोष्टी प्रवाशाने गाठीला बांधाव्यात. बँका आपसांत ज्या भावाने व्यवहार करतात तो मधला भाव आधी पाहावा आणि आपल्याला सांगितलेला भाव त्याहून किती दूर आहे ते मोजावे. समजा मधला भाव शंभर रुपये आहे, विकणारा एकशेचार घेतो आणि परत घेताना शहाण्णव देतो. हजारांचे चलन नेऊन न वापरता परत आणले, तर आठ हजार रुपये नुसत्या जाण्यायेण्यात गेले. म्हणून नोटा लागतील तेवढ्याच घ्याव्या. नोटांना भाव वाईट मिळतो. कारण त्या आणाव्या लागतात, सांभाळाव्या लागतात. दोन-तीन ठिकाणी, निघण्याच्या आठवडाभर आधी, 'सर्व मिळून माझ्या हातात किती पडेल' एवढेच विचारावे. परदेशातील दुकानात कार्ड दिल्यावर यंत्र पुसते, रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? रुपयांचा मोह टाळावा. रुपयांत म्हटले की भाव ठरवण्याचा अधिकार आपण त्या अनोळखी सावकाराच्या हाती दिला.

हे सारे दोन-चार हजारांसाठी, असे कोणी म्हणेल. हौसेने फिरायला जाणाऱ्याला ते खरेही असेल. पण शेत गहाण ठेवून मुलीला परदेशी शिकायला पाठवणाऱ्या बापाला भावातला एक रुपया म्हणजे महिन्याची खाणावळ असते. १९२१ साली ती तशीच होती आणि आजही आहे. रयतेला तोटा येईल असे नाणे घेण्याची सक्ती आम्ही करू शकत नाही, असे ज्या भूमीत सांगितले गेले, तेथील रयतेने निदान आपला तोटा किती हे विचारण्याची सवय तरी सोडू नये.