टाळूची खिडकी

आमच्या मांडवगणात बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी त्याची टाळू तेलाने भरतात. भरणारीच्या बोटांना कळते, टाळू खोल गेली आहे, सपाट आहे, की फुगून ताठ झाली आहे. बाळाच्या मेंदूची पहिली तपासणी आज्ज्यांच्या बोटांनी केली, असे आम्ही म्हणतो ते उगाच नव्हे. पण पुढे काय करावे हे कोणास ठाऊक होते? मग दोष ग्रहणाला, आणि ग्रहणात विळी धरली म्हणून आईला.

आतले पाहण्याची वाट १९१८ साली निघाली. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी (रेल्वे इंजिनचालकाचे चिरंजीव, हे आम्ही मुद्दाम सांगतो) यांनी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घेतले. पाणी कोठे तुंबले ते दिसू लागले. लहान मेंदूच्या एका जन्मजात विकृतीस आज त्यांचे नाव आहे: डँडी-वॉकर.

परंतु नुसते निदान म्हणजे आईबापांना वाईट बातमी देणे. त्याला अर्थ आणला एका कारागिराने. जॉन होल्टर फिलाडेल्फियात कुलुपांच्या कारखान्यात कामाला होता. १९५५ साली त्याचा मुलगा केसी जन्मला, डोक्यात पाणी साठणारा. पाणी उतरवण्याच्या नळ्या वारंवार तुंबत. होल्टरने स्वतःच्या हातांनी सिलिकोनची बारीक झडप घडवली; १९५६ पासून ती बाळांना बसू लागली. केसी फार वर्षे जगला नाही. दुसऱ्यांची मुले जगली.

१९७१ साली सीटी स्कॅन आला आणि त्या दशकाच्या अखेरीस सोनोग्राफी, तीही टाळूतूनच! हाड अजून जुळलेले नसते, म्हणून ध्वनिलहरी आत जातात.

आमच्याच शिरूर तालुक्यात, वढूला, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने बानू कोयाजींच्या पुढाकाराने ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मदोषांसाठी बाळे तपासली जातात. पुष्कळसे काम साध्या टेपने होते. जन्मतः डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटीमीटर, पहिले तीन महिने दरमहा साधारण दोनची वाढ. घेर त्याहून भराभर वाढला की संशय घ्यावा. म्हणजे मोजायचे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

येथे ऊसतोडीच्या फडावरचे बाळ सुटते. पहिले माप एका गावी, दुसऱ्याच्या वेळी खोपी दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत. मुकादमाच्या वहीत उचलीचा पैसा न् पैसा मुक्कामागणिक बरोबर फिरतो. बाळाच्या कार्डावर डोक्याचा घेर दर वेळी लिहिला जावा, आणि ते कार्ड कोणत्याही तालुक्यातील दवाखान्याने मानावे, एवढी मागणी आम्ही लावून धरली आहे.