निपचित पडणारी माशी आणि नीरब्राह्मी: मुंबई ते म्हैसूर

दोन चेतापेशींमध्ये सुमारे २० नॅनोमीटरची फट असते. ही फट रसायनांच्या साहाय्याने ओलांडली जाते, म्हणूनच विचार आणि हालचाल शक्य होते. पार्किन्सन्स किंवा अल्झायमरमध्ये पेशी मरण्याआधीच ही चेतासंधी दुबळी होऊ लागते, असे अनेक अभ्यास सांगतात. तिच्या संशोधनाचे दोन भारतीय प्रवाह येथे पाहू.

पहिला प्रवाह मुंबईचा. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दीकी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा गट उभारला. पुढे कॅलटेकच्या सेमूर बेन्झर यांच्यासह त्यांनी उष्णतेने निपचित पडणाऱ्या फळमाश्यांच्या चेतासंस्थेतील विद्युत-संकेत मोजले. हा शोधनिबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ‘कोमाटोज’ नावाच्या माशीत नेमके काय बिघडले आहे, हे १९९५ मध्ये स्पष्ट झाले. रसायनाची पुटिका पेशीपटलाशी जोडून रिती करण्याचे काम स्नेअर प्रथिने करतात. त्यानंतर त्यांची एकमेकांत अडकलेली गुंफण सोडवणारे प्रथिन या माशीत सदोष असते. गुंफण सुटली नाही, तर पुढचा संदेश अडतो.

दुसरा प्रवाह म्हैसूरचा. चेलुवांबा वाड्यात १९५० पासून असलेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आपल्याला अन्नासाठी परिचित आहे. मात्र तेथील रविकुमार होसमनी आणि मुरलीधर यांनी २००९ मध्ये फळमाश्यांवर नीरब्राह्मीचा प्रयोग मांडला. रोटेनोन हे कीटकनाशक मायटोकॉन्ड्रियातील ऊर्जानिर्मितीची साखळी अडवते. त्यामुळे माश्यांमधील डोपामाइन घटते आणि नळीत वर चढण्याची त्यांची शक्ती मंदावते. नीरब्राह्मी दिलेल्या माश्यांमध्ये ऑक्सिडीकरणाचा ताण व मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले, डोपामाइनची घट रोखली गेली आणि माश्या अधिक चांगल्या चढल्या.

या निष्कर्षाची मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. माशीचे रक्षण म्हणजे रुग्णाचा उपचार नव्हे. शिवाय बाजारात ब्राह्मी या एकाच नावाने नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी या दोन निराळ्या वनस्पती मिळतात. बाटलीवरील नाव पाहून वृद्ध आईवडिलांचे चालू औषध थांबवण्यास या प्रयोगात कोणताही आधार नाही.

तरीही हे दोन प्रवाह एका ठिकाणी जवळ येतात. पार्किन्सन्समध्ये ज्याच्या गाठी साठतात, ते आल्फा-सिन्युक्लीन स्नेअर प्रथिनांची गुंफण बांधण्यास मदत करते, असे २०१० मध्ये दाखवले गेले. म्हणजेच मुंबईतील निपचित माशीने ज्या यंत्रणेकडे बोट दाखवले, तिच्याशीच या रोगाचे नाते आहे.

म्हणून चेतारक्षणावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ‘पेशी वाचली का?’ एवढेच विचारून थांबू नये. वाचलेली पेशी शेजारणीशी पूर्वीसारखी बोलते का, पुटिका वेळेवर रित्या होतात का, गुंफण सुटते का, हेही मोजावे लागेल. म्हैसूरच्या मानसगंगोत्रीत फळमाश्यांच्या वाणांचे संग्रहकेंद्र आहे आणि विद्युत-संकेत मोजण्याची परंपरा मुंबईत आहे. रक्षणाचा दावा या मोजमापावर टिकला, तरच त्याला अर्थ येईल.