मांजराच्या हृदयाचा ताल

हृदयाच्या तालाची नोंद कशी सुरू झाली हें पाहूं गेल्यास त्यांत मुक्या प्राण्यांचा वांटा मोठा असल्याचें आढळतें. इ. स. १८८७ मध्यें लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत ऑगस्टस वॉलर यानें छातीस शस्त्र न लावतां मनुष्यहृदयांतील विद्युत्प्रवाहाची पहिली नोंद केली. पुढें १९०९ मध्यें त्यानें जिमी नांवाच्या आपल्या बुलडॉगचा पाय मिठाच्या पाण्यांत ठेवून हाच प्रयोग रॉयल सोसायटींत दाखविला. कुत्र्याचा छळ झाला, अशी हाकाटी पार्लमेंटपर्यंत पोंचली. समुद्रांत पाय बुडविणारासच तो अनुभव नीट समजेल, अशा आशयाचें उत्तर मंत्र्यांनीं दिलें! हॉलंडच्या विलेम आइन्थोव्हेन यानें याच सुमारास ही नोंद सुस्पष्ट केली; १९२४ चें नोबेल पारितोषिक त्यास त्याबद्दलच मिळालें.

मांजराची पाळी मात्र उशिरां आली. मांजर आपलें दुखणें लपवितें. त्याच्या हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा विकार सुमारें ७ मांजरांत एकास असतो. पुष्कळांस तो आयुष्यभर जाणवत नाहीं. कित्येकांचें पहिलें लक्षण मात्र अकस्मात् मृत्यु, किंवा रक्ताची गुठळी अडकून मागचे पाय लुळे पडणें, हेंच असतें. हृदय फुगून दुर्बळ होण्याचा दुसरा विकार आहारांतील टॉरीनच्या अभावीं होतो व तें दिल्यास पुष्कळदां सुधारतो, हें अमेरिकेंत १९८७ मध्यें सिद्ध झालें. मेन कून जातींतील जाड भिंतीचा आनुवंशिक दोष २००५ मध्यें सांपडला.

भिंतीची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्रानें कळते. ताल कळण्यास निराळा उपाय लागतो. घरीं शांत असलेल्या मांजराचें हृदय दवाखान्यांत भयानें फार जलद चालतें, आणि घेरी आणणारा बेताल क्षणभरच येऊन जातो. दोन मिनिटांच्या कागदी पट्टींत तो सांपडेलच असें नाहीं. अमेरिकेच्या माँटाना प्रांतांतील नॉर्मन होल्टर यानें चालत्याफिरत्या मनुष्याच्या हृदयाची नोंद घेणारें जें पहिलें यंत्र केलें, तें पाठीवर वाहावयाचें सुमारें ३८ किलोचें ओझें होतें. १९६१ मध्यें त्यानें आपली पद्धत प्रसिद्ध केली. आज तेंच काम करणारी लहानशी पेटी मांजराच्या अंगावर पट्ट्यानें बांधून त्याच्या स्वतःच्या घरांत २४ तासांची नोंद घेतां येते.

नागपुरास पशुवैद्यक महाविद्यालय १९५८ मध्यें निघालें, आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचें मुख्य ठाणेंही येथेंच आहे. तथापि पहिला पहारेकरी घरांतलाच. झोंपलेल्या मांजराचा श्वास मिनिटास ३० हून अधिक वेळां चालूं लागला, तर वैद्यास दाखवावें. वैशाखाच्या उन्हांत तोंड उघडून धापा टाकणाऱ्या मांजरास ‘उन्हानें झालें’ म्हणून सोडून देऊं नये. ऊन उतरेल, परंतु हृदय तितका वेळ थांबेलच असें नाहीं.