गोंदियाची नऊ मिनिटे

आमच्या गोंदियाला रेल्वेने एकच अक्षर दिले आहे. नागपूर, हावडा, मुंबई या बड्या मंडळींच्या स्टेशनांना तीन-तीन, चार-चार इंग्रजी अक्षरांची संक्षिप्त नावे मिळाली; गोंदियाच्या वाट्याला नुसता 'जी' आला. परगावचे पाहुणे तिकिटावर ते वाचून हसतात. आम्हाला त्यात वावगे काही वाटत नाही, कारण आमच्या झाडीपट्टीत तसेही दर वाक्याला 'जी' लागतोच.

"काय जी, कुठे चालले?"

"स्टेशनवर जाऊन राहिलो जी."

"गाडीला वेळ आहे जी अजून!"

एवढ्याशा बोलण्यात गावाचे नाव तीनदा येऊन जाते. रेल्वेने ते आमच्याकडूनच उचलले असावे अशी माझी समजूत आहे आणि ती मी बदलणार नाही.

पण आजचा विषय तो नाही. विषय आहे 'गाडीला वेळ आहे' या वाक्यातली वेळ. ती नेमकी कुणाची?

रेल्वे यायच्या आधी गोंदियाची वेळ गोंदियाचीच होती. तांबडे फुटले की उठायचे, ऊन डोक्यावर आले की शिदोरी सोडायची, गुरे परतली की दिवस संपला. साडेदहा वाजून सात मिनिटांनी काही करावे असे काम जंगलातून डिंक आणि लाख गोळा करणाऱ्या माणसाला पडत नव्हते. मग १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वेचे मीटर गेज रूळ या भागातून गेले. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने हा मार्ग घेऊन रुंद केला, आणि पुढे जबलपूरकडे नि चांद्याकडे छोटी लाईनही काढली. मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसणाऱ्यांनी गोंदिया गजबजले. गाडीबरोबर भिंतीवरचे घड्याळ आले, आणि त्या घड्याळात जी वेळ होती ती निघाली मद्रासची!

आता मद्रास कुठे, गोंदिया कुठे! पण त्याला कारण होते. मद्रासची वेधशाळा १७९२ सालची. तिथल्या जॉन गोल्डिंगहॅम नावाच्या साहेबाने १८०२ मध्ये ग्रीनिचच्या हिशेबाने मद्रासची वेळ पक्की केली. पुढे रेल्वे नि तार आली तेव्हा पंचाईत झाली. कलकत्त्याचे घड्याळ मद्रासच्या बत्तीस-तेहतीस मिनिटे पुढे, मुंबईचे तीस मिनिटे मागे. दोघेही मानी. एकाची वेळ धरली तर दुसरा रुसणार. तेव्हा रेल्वेने दोघांच्या मधले मद्रास पकडले. घरात दोन जावा भांडू लागल्या की स्वयंपाकाचे सासूला विचारायचे, त्यातलाच प्रकार.

आणि इथे गोंदियाचे भाग्य उघडले. नकाशा उघडून पाहा. मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे, रेखांश आहे ८० अंशांच्या किंचित पुढे. आणि गोंदियाचे? तेही ८० अंशांच्या किंचित पुढे! दोन्ही गावे जवळजवळ एका उभ्या रेषेत आहेत. म्हणजे मद्रासला सूर्य माथ्यावर आला की त्याच मिनिटाला तो गोंदियाच्याही माथ्यावर येतो. मुंबईला रेल्वेची वेळ परकी, कलकत्त्याला परकी, पुण्याला परकी; आणि गोंदियाच्या स्टेशनावर मात्र साहेबाचे घड्याळ नि देवाचा सूर्य दोघे मिनिटाला मिनिट जुळलेले. (सूर्याची वर्षभर थोडी मागेपुढे चाल असते, ती सोडा. एवढे चालते.) वीस-पंचवीस वर्षे हे असे चालले. गावात कुणाच्या ते लक्षात आल्याचे ऐकिवात नाही. बरोबर चाललेल्या गोष्टीकडे कोण बघतो?

मग सरकारला वाटले की साऱ्या देशाला एकच वेळ हवी, आणि ती ग्रीनिचशी सरळ हिशेबात बसणारी हवी. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ लागू झाली. तिची रेषा साडेब्याऐंशी अंशांची, मिर्झापूरजवळून जाणारी. हावड्याच्या गाडीत बसलात तर बिलासपूर आणि चांपा यांच्या मध्ये ती ओलांडावी लागते. तिथे पाटी नाही, हिसका बसत नाही, शेजारच्या प्रवाशाची झोपही मोडत नाही. या नव्या व्यवस्थेत गोंदियाचे घड्याळ नऊ मिनिटे पुढे गेले. तेव्हापासून आमच्याकडे बारा वाजतात तेव्हा खरे म्हणजे अकरा वाजून एक्कावन्न मिनिटे झालेली असतात.

मुंबईची एकोणचाळीस मिनिटे गेली. पण मुंबई ती मुंबई! आधी १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ शहरावर लादून पाहिली होती, तेव्हाही लोकांनी असा गदारोळ केला की १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. १९०६ मध्ये पुन्हा सभा झाल्या, निषेध झाले, आणि महानगरपालिकेने आपली 'मुंबई टाइम' पार १९५५ पर्यंत धरून ठेवली. स्वातंत्र्य मिळाले, राज्यघटना आली, पहिली निवडणूक झाली, तरी एकोणचाळीस मिनिटांचा तह होईना. कलकत्त्यानेही १९४८ पर्यंत दम धरला. गोंदियाने नऊ मिनिटांबद्दल अवाक्षर काढले नाही. म्हणे, नऊ मिनिटांसाठी काय भांडायचे जी?

हा समजूतदारपणा आम्हाला महागात पडला असे माझे मत आहे. एकदा नऊ मिनिटे निमूट दिली की समोरच्याला सवय लागते. युद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशाचे घड्याळ आणखी एक तास पुढे ढकलले. म्हणजे त्या काळात गोंदियाला सूर्य माथ्यावर यायचा तो एक वाजून नऊ मिनिटांनी. बाराला पान मांडायची सवय असलेल्या घरांतून काय बोलणी झाली असतील त्याची कल्पना करा. पुढे १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, मग मुंबई झाली. जिल्ह्याचे ठिकाण भंडारा होते, ते १ मे १९९९ पासून आमचे आम्ही झालो. रेल्वेचे मुख्य कार्यालय कलकत्त्यात होते, ते २००३ मध्ये बिलासपूरला गेले. गोंदिया जागचे तसूभर हलले नाही, पण कुठल्या दिशेला तोंड करून अर्ज करायचा ते दर पिढीला नव्याने शिकावे लागले.

घड्याळाच्या बाबतीत तर सगळेच अजब. घरोघरी भिंतीवरचे घड्याळ पाच-दहा मिनिटे पुढे लावलेले असते, 'उशीर होऊ नये म्हणून'. आणि ते पुढे आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते, त्यामुळे प्रत्येक जण मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करतो आणि निवांत चहा घेतो. वजाबाकी मात्र सर्वांची पक्की झाली. शंभर वर्षांपूर्वी सरकारने नऊ मिनिटे पुढे लावले, त्यावर आपण दहा लावली. आता खरे किती वाजले हे गणित सुटायला ज्योतिषीच हवा.

रेल्वेचे चोवीस तासांचे घड्याळ ही आणखी एक तऱ्हा. आमच्या शेजारच्या काकांकडे पंधरा तारखेचे शून्य वाजून दहा मिनिटांचे तिकीट होते. शून्य वाजतात तरी कसे, हा त्यांचा मूळ प्रश्न. पंधरा तारखेला रात्री जेवून-खाऊन, दशम्यांचा डबा, पाण्याची सुरई, वळकटी असा जामानिमा करून ते अकराला स्टेशनवर हजर. "गाडी काल रात्रीच गेली जी," टीसी म्हणाला. काका म्हणाले, "लेट नव्हती?" त्यांना गाडी गेल्याचे दुःख नव्हते, ती वेळेवर गेली याचा धक्का होता.

आमची महाराष्ट्र एक्सप्रेस घ्या. कोल्हापूरहून निघते आणि सारे राज्य पालथे घालून गोंदियाला येते. दोन्ही टोकांना घड्याळ एकच, पण सूर्यात चोवीसएक मिनिटांचा फरक. गाडी हा फरक एका दिवसाहून जास्त वेळ घेऊन कापते, आणि उशीर झालाच तर चोवीस मिनिटे हिशेबातही धरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईचा साहेब सकाळचे फिरून येईपर्यंत गोंदियात ऊन पाठीला चटके देऊ लागते. पण शाळा, कचेरी, बँक यांच्या वेळा ठरवणारा गोंदियाच्या उन्हात उभा नसतो.

या सगळ्या घोळातून आमच्याकडची बिडी वळणारी बाई तेवढी सुटली. तिची मजुरी हजार बिड्यांवर. त्यामुळे तिला तास नाहीतच. तेंदूचे पान कापायचे, तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा गुंडाळायचा. आमच्या गल्लीतल्या एकीला मी लहानपणी वेळ विचारली, तर सूप पुढे करून म्हणाली, "पाचशे झाल्या." त्यावरून पोरगी शाळेतून यायची वेळ झाली हे तिला कळे. हजार पुरे व्हायला संध्याकाळ होवो की रात्र, घड्याळ तिला एक पैसा जास्त देणार नव्हते. तिला प्रमाणवेळ लागू करण्याचे कुणाला सुचले नाही, आणि पुष्कळ गोष्टी सुचायला हव्या होत्या त्याही सुचल्या नाहीत.

आमच्या आईची भानगड मात्र चंद्राशी होती. ती संकष्टी निष्ठेने करी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ छापलेली असे, ती मुंबईची. मुंबईहून आमच्याकडे चंद्र साधारण अर्धा तास आधी उगवतो, हे भूगोलाच्या पुस्तकातून मी तिला पटवायला गेलो. ती म्हणाली, "छापलं आहे ते काय खोटं?" दिवसभर पाण्यावर राहिलेली बाई, मोदक झाकलेले, ताम्हन तयार, बाबा येरझारा घालताहेत, आणि पाटावर बसलेल्या आईचे डोळे घड्याळावर. बाहेर चंद्र राईस मिलच्या धुरांड्यावर येऊन केव्हाचा थांबलेला. शेवटी बाबांनी स्टूल घेतले, भिंतीवरचे घड्याळ उतरवले, काटा अर्धा तास पुढे सरकवला आणि परत खिळ्याला लावले.

"चला, वाजले," ते म्हणाले.

आई उठली, अंगणात जाऊन चंद्राला अर्घ्य दिले, आणि बाबांना पहिला मोदक वाढताना म्हणाली, "उद्या सकाळी ते मागे करून ठेवा. पोरांची शाळा आहे."